गोणाईचा नामा

पंढरपूरच्या श्रीविठ्ठल मंदिरात एक जुना शिलालेख आहे. त्याला चौऱ्यांशीचा शिलालेख म्हणतात. त्या दगडाला पाठ घासली म्हणजे चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी भाविकांची समजूत होती, त्यावरून हे नाव पडले. लेख शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७ या काळातील आहे. देवगिरीचे राजे रामदेवराव यादव राज्य करीत असताना विठ्ठलाच्या देवळासाठी ज्यांनी दाने दिली त्यांची नोंद त्यावर कोरलेली आहे. खुद्द राजाचे नाव त्यात आहे, कारभारी हेमाद्री पंडिताचे आहे आणि इतर अनेक भक्तांचीही नावे आहेत. देवळाचे काम निघाले म्हणजे देणगीदारांची नावे फरशीवर लावण्याची जी चाल गावोगाव आहे, ती पंढरीत सातशे वर्षांपूर्वीपासूनची आहे.

हा दगड घडत होता त्याच सुमारास दामाशेटी नावाच्या शिंप्याच्या घरी एक लहान मूल वाढत होते. त्या मुलाचे नाव नामा आणि त्याच्या आईचे नाव गोणाई. दगडावर कोरून ठेवावे एवढे द्रव्य गोणाईजवळ नव्हते. पण पुढे तिने विठ्ठलाला जे दिले ते राजालाही देता आले नसते. तिने आपला एकुलता एक मुलगा दिला. तोही राजीखुशीने दिला नाही. देवाशी भांडून, मुलाशी भांडून, रडून, हातापाया पडून, शेवटी हात रिकामे झाले तेव्हा दिला. संतशिरोमणी श्री नामदेव महाराजांचे चरित्र पुष्कळांनी सांगितले आहे. त्यांची कीर्तने, त्यांचे चमत्कार, त्यांच्या यात्रा सर्वांना ठाऊक आहेत. ह्या लेखात ते चरित्र त्यांच्या आईच्या बाजूने पाहावयाचे आहे.

नामदेव महाराजांचा जन्म शके ११९२, इ. स. १२७० मध्ये कार्तिक शुद्ध एकादशीस झाला. त्यांचे मूळ गाव हिंगोली जिल्ह्यातील नरसी. जन्म नरसीसच झाला असे पुष्कळ जण मानतात, तर काही जण पंढरपूर हे जन्मस्थान मानतात. घराणे शिंप्याचे. कापड विकावे, कपडे शिवावेत आणि पांडुरंगाची वारी करावी हा घराचा रिवाज होता. नामदेवांना आऊबाई नावाची बहीण होती. पण मुलगा नाही म्हणून गोणाईने विठ्ठलाला नवस केला. ह्या नवसाचा उल्लेख जनाबाईंच्या अभंगात आहे. पुढे नवस फळला आणि नामा झाला.

ताहराबादचे महिपतीबुवा यांनी भक्तविजय हा ग्रंथ शके १६८४, इ. स. १७६२ मध्ये लिहिला. त्यात दामाशेटींना नदीच्या पात्रात शिंपल्यातून बाळ मिळाले, अशी कथा आहे. अवतारी पुरुषाचा जन्म साधा कसा असेल, असा त्यामागचा भाव आहे. पण नामदेवांच्या गाथेतील गोणाई वेगळे सांगते. आपण ह्या मुलाला नऊ महिने पोटात वाहिले आहे, हे ती मुलालाही ऐकवते आणि देवालाही ऐकवते. तिचा सगळा दावा त्या नऊ महिन्यांवर उभा आहे. तो नवस आणि ते नऊ महिने ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे भांडण समजते.

नामदेवांच्या बालपणीची नैवेद्याची कथा महाराष्ट्रात लहान मुलांनाही ठाऊक आहे. दामाशेटी परगावी गेले होते. रोज देवाला नैवेद्य नेण्याचे काम त्यांचे. त्या दिवशी गोणाईने ताट वाढून नामाच्या हाती दिले आणि देवळात पाठविले. नामाने ताट देवापुढे ठेवले आणि देव जेवण्याची वाट पाहत बसला. देव जेवत नाही असे पाहून तो रडू लागला, आपण लहान म्हणून देव रुसला असे त्यास वाटले. शेवटी त्याच्या हट्टापुढे देव जेवला. रिकामे ताट घेऊन मुलगा घरी आला तेव्हा आईवडिलांचा विश्वास बसेना. ह्या कथेत एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. नामाला ताट घेऊन देवळाची वाट दाखविली ती गोणाईनेच. आपण नैवेद्य पाठविला आणि देवाने नैवेद्याबरोबर मुलगाही ठेवून घेतला, असे तिला पुढे वाटले असेल तर नवल नाही.

मुलगा मोठा होऊ लागला तशी त्याची ओढ घराकडून देवळाकडे वळली. दामाशेटींनी त्याला धंद्यास लावण्याचा प्रयत्न केला. एकदा कापड देऊन बाजारास पाठविले. नामदेव बाजारात गेले, पण भजनात रंगले. परत येताना वाटेतील धोंड्यांना त्यांनी कापड पांघरले, एका धोंड्याला जामीन धरले आणि पैसे मागाहून घेईन असे सांगून घरी आले. वडील संतापले. पुढे त्या धोंड्याचे सोने झाले, असे कथेत आहे. कथा ऐकताना श्रोते सोन्यापाशी थांबून टाळी देतात. पण ज्या घरात दुकानाच्या उधारीवर चूल पेटते, त्या घरातील बाईला कापड गेल्याचे पहिल्या रात्री काय वाटले असेल, हेही पाहिले पाहिजे.

आईबापांनी रीतीप्रमाणे नामदेवांचे लग्न केले. संसाराचे ओझे मानेवर पडले म्हणजे पोर ताळ्यावर येईल, ही तर आईबापांची जुनी समजूत. सून राजाई घरी आली. नारा, विठा, गोंदा आणि महादा असे चार मुलगे झाले, लिंबाई ही मुलगी झाली. पुढे सुना आल्या. घरात जनाबाई होत्या. माणसे वाढली आणि मिळवता हात मात्र टाळ धरून वाळवंटात उभा राहिला. परिसा भागवतांच्या घरचा परीस त्यांच्या पत्नीने राजाईला दिला, घरात दोन दिवस सुखाचे आले, आणि नामदेवांनी तो परीस चंद्रभागेत टाकून दिला, ही कथाही प्रसिद्ध आहे. राजाईचे गाऱ्हाणे गाथेत आहे. ते तिने रुक्मिणीपुढे मांडले आहे. एका घरच्या बाईने दुसऱ्या घरच्या बाईला सांगावे, तुमच्या मालकाने आमच्या माणसाला नादी लावले आहे, अशी त्यातली तक्रार आहे.

परंतु राजाईपेक्षाही जास्त भांडली ती गोणाई. नामदेवांच्या गाथेत गोणाई आणि नामदेव यांच्या संवादाचे अभंग आहेत. त्यात आई मुलाला बोलते. शिवणटिपण पाण्यात घातलेस, घराकडे वळूनसुद्धा पाहत नाहीस, असे त्याला ऐकविते. लोकांचीही मुले आहेत, ती देवाला भजतात आणि संसारही करतात, तुझेच असे जगावेगळे का, असे ती विचारते. घर बुडाले म्हणते. नऊ महिन्यांचा हिशेब काढते. हे देवाचे वेड सोड, म्हणून विनविते. कधी तिचा आवाज चढतो, कधी तोच आवाज रडण्यात मोडतो. एखाद्या घरात तरुण मुलगा घर सोडून निघाला असेल, त्या घरच्या आईचे बोलणे ज्यांनी ऐकले आहे त्यांना त्या अभंगांतले काहीच नवे वाटणार नाही. सातशे वर्षांत आईची भाषा बदललेली नाही.

मुलगा ऐकत नाही असे पाहून ती देवाकडे वळते. इतर लोक देवळात मागणे मागायला जातात, गोणाई जाब विचारायला गेली. नवस करून मुलगा मागितला तो तूच दिलास, मग आता परत का घेतोस, हा तिचा विठ्ठलाला प्रश्न आहे. माझा नामा मला दे, एवढीच तिची मागणी आहे. तिला मोक्ष नको, वैकुंठ नको. रात्री मुलगा घरी जेवायला यावा, त्याने बायकापोरांकडे पाहावे, म्हातारपणी आपल्याजवळ असावे, इतकेच तिला हवे आहे. ह्या मागण्यात पाप कुठे आहे? देवालाही त्यावर खोडून काढावे असे उत्तर सापडणार नाही.

दुसऱ्या बाजूने नामदेवांचेही ऐकले पाहिजे. आईविषयी त्यांना माया नव्हती असे म्हणणे मोठा अन्याय होईल. पण त्यांना एकदा जी गोडी लागली ती सुटत नव्हती. जन्मोजन्मी आईबाप वेगवेगळे मिळतात, विठ्ठल तेवढा एकच, असे त्यांचे म्हणणे. विठ्ठल हीच आपली माय, असे ते जन्मभर सांगत राहिले. त्यांच्या अभंगात देवाला मायबाप, माउली, विठाई अशी हाक पानोपानी आहे. पक्षीण पहाटे चाऱ्यासाठी निघून जाते आणि मागे घरट्यात पिल्लू उपाशीपोटी तिची वाट पाहते, तसे आपले मन विठ्ठलाची वाट पाहते, असे ते सांगतात. मूल विस्तवात पडले तर आई जशी कळवळून धावते तसा देव आपल्यासाठी धावतो, असे म्हणतात. गाय आणि वासरू तर त्यांच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येते.

आता येथे थोडे थांबून विचार करावा. वाट पाहणे म्हणजे काय, हे नामदेवांना कोणी शिकविले? मूल विस्तवाकडे रांगत गेले आणि आई हातातले काम टाकून धावली, हे त्यांनी कोठे पाहिले? ते त्यांनी आपल्याच घरी, आपल्याच आईच्या ठिकाणी पाहिले असणार. ज्या आईला ते सोडून निघाले होते तिचाच जीव त्यांनी देवाच्या ठिकाणी ठेवला. देवाला आई म्हणताना त्यांच्या मनात गोणाईच होती, असे म्हटले तर भाविकांनी राग मानू नये.

त्याच घरात ह्याच्या उलट एक गोष्ट घडत होती. गंगाखेडची जनी लहानपणीच दामाशेटींच्या घरी आली. आईबापांचे छत्र तिला राहिले नाही. दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणे यांत तिचे आयुष्य गेले. तिलाही विठ्ठल हीच आई झाली. अंगाखांद्यावर आणि अवतीभवती संतांची लेकरे घेऊन चाललेला लेकुरवाळा विठोबा तिनेच महाराष्ट्राला दाखविला. एकाच छपराखाली पोरक्या जनीला विठ्ठलाने आई दिली आणि गोणाईचा मुलगा नेला. दोघींनी त्याच देवाला तोंडावर बोल लावले. जनाबाईंनीही रागाच्या भरात देवाला शिव्या दिल्या आहेत. त्या घरात देवाशी मोकळेपणाने भांडण्याची रीतच होती आणि ती रीत घालून देण्यात गोणाईचा वाटा थोडा नसावा.

नामदेवांचे मन लहान मुलाचे होते, हे गोरोबाकाकांच्या घरच्या प्रसंगातही दिसते. तेर येथे संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबांनी मडकी तपासण्याचे थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले. बाकी सर्व शांत बसले, नामदेव मात्र रागावले. हे मडके कच्चे आहे, असा निकाल झाला. अपमान होऊन नामदेव थेट पंढरीस आले आणि विठ्ठलापाशी गाऱ्हाणे घेऊन गेले. बाहेर मार खाऊन आलेले पोर आईच्या पदरात तोंड लपवते, तसेच हे झाले. देवाने त्यांना गुरू करण्यास सांगितले. परंपरेप्रमाणे औंढा नागनाथ येथे विसोबा खेचर भेटले. ते शिवलिंगावर पाय ठेवून निजले होते. नामदेवांनी त्यांचे पाय उचलून जेथे जेथे ठेवावेत तेथे तेथे लिंग दिसू लागले. देव एका देवळापुरता नाही, तो सर्व ठिकाणी भरलेला आहे, हा बोध त्यांना तेथे झाला.

पुढे ज्ञानदेवांनी त्यांना तीर्थयात्रेस बरोबर नेले. पंढरी सोडताना नामदेवांचे पाऊल निघेना. विठ्ठलाने त्यांचा हात ज्ञानदेवांच्या हाती दिला, असे तीर्थावळीच्या अभंगांत वर्णन आहे. मुलाला पहिल्यांदा परगावी पाठविताना आईने सोबतीच्या माणसाला बजावून सांगावे, तसे ते वर्णन आहे. वाटेत सर्व तीर्थे पाहूनही त्यांचा जीव पंढरीकडे लागलेला होता. गोणाई ज्या कळवळ्याने नामदेवांची वाट पाहत होती, त्याच कळवळ्याने नामदेव विठ्ठलाची आठवण काढीत होते. ज्याला त्याला आपापली आई हवी होती.

शके १२१८, इ. स. १२९६ मध्ये कार्तिक वद्य त्रयोदशीस ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली. नामदेव तेथे होते. समाधीच्या अभंगांतून त्यांनी तो प्रसंग सांगितला आहे आणि आजही आळंदीत तो कीर्तनातून ऐकताना माणसे रडतात. त्यात निवृत्तिनाथांचे दुःख विशेष आहे. आईबाप आम्हा भावंडांना सोडून गेले तेव्हाही असे संकट वाटले नव्हते, असा त्यांच्या शोकाचा अर्थ आहे. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलेली ती चार लेकरे. मुलांनी आईबापांना सोडण्याचे दुःख ज्यांच्या घरात होते, त्या नामदेवांनी आईबापांनी मुलांना सोडण्याचे दुःखही जवळून पाहिले आणि लिहून ठेवले.

त्याच १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली. पुढे १३१८ पर्यंत यादवांचे राज्य पूर्ण बुडाले. ज्या राजाचे नाव पंढरीच्या दगडावर दान देणारा म्हणून कोरले गेले होते त्याची गादीच राहिली नाही. अशा काळात नामदेव नामाचा झेंडा घेऊन उत्तरेकडे गेले. गुजरात, राजस्थान करीत ते पंजाबात पोहोचले. गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान हे गाव त्यांच्या वास्तव्याने पावन झाले आहे आणि तेथे त्यांचे स्थान आहे. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ८८ वे अधिवेशन ह्याच घुमान गावी भरले होते. गुरू अर्जुनदेवांनी १६०४ साली सिद्ध केलेल्या ग्रंथसाहेबात नामदेवांची ६१ पदे आहेत. मराठी मुलखातील एका शिंप्याची वाणी शीख बांधव आजही मस्तक लववून ऐकतात, ही महाराष्ट्राला भूषणावह गोष्ट आहे.

ह्या पदांत गोणाईचा मुलगा पुन्हा पुन्हा भेटतो. भैरव रागातील एका पदात अशी कथा आहे. सुलतानाने नामदेवांना बांधून आणले आणि मेलेली गाय उठवून दाखव, नाही तर मस्तक उडवीन, असे फर्माविले. तेव्हा नामाची आई रडू लागली. राम सोडून खुदाचे नाव का घेत नाहीस, असे तिने मुलाला विचारले. नामदेवांनी तिला दिलेले उत्तर फार कठोर आहे. मी तुझा मुलगा नाही आणि तू माझी आई नाहीस, देह पडला तरी हरीचेच गुण गाईन, असा त्याचा आशय आहे. ही कथा इतिहासात कोठे बसवावी हा अभ्यासकांचा प्रश्न आहे. पण पदातली आई गोणाईच वाटते. तिला राम की खुदा हा वाद कळत नाही. नाव कोणतेही घे, पण जिवंत राहा, एवढेच तिला कळते. मुलाला निष्ठा वाचवायची आहे आणि आईला मूल वाचवायचे आहे. दोघांचेही खरे आहे. म्हणून तो प्रसंग ऐकताना जीव कासावीस होतो.

त्या पदाचा शेवट मात्र पाहण्यासारखा आहे. हरीच्या कृपेने गाय उठते. मग वासरू सोडून गाईचे दूध काढले जाते आणि मडके भरते. ज्या कवनात मुलाने आईचे नाते तोडले, त्याच कवनात शेवटी वासराला आपली आई परत मिळते.

आसा रागातील दुसऱ्या एका पदात नामदेव आपल्या शिवणकामाचे रूपक करतात. मन हा गज, जीभ ही कात्री, सोन्याची सुई आणि रुप्याचा धागा घेऊन आपण हरीशी चित्त शिवून टाकले आहे, असा त्याचा भाव आहे. शिवणटिपण पाण्यात घातलेस म्हणून आई ओरडत असे. पंढरीपासून शेकडो कोस दूर, परक्या मुलखात, परक्या भाषेत गाताना मुलाने तीच कात्री आणि तीच सुई बाहेर काढली. आपण घरचा धंदा सोडलेला नाही, तो दुसऱ्या कापडावर चालू आहे, असे जणू त्याने आईला कळविले. निरोप पोहोचला की नाही ते विठ्ठलाला ठाऊक.

तिसरे पद रामकली रागातील. भक्ताचे मन देवाच्या ठिकाणी कसे असावे, हे त्यात दृष्टान्ताने सांगितले आहे. मुलगा पतंग उडवितो, सोबत्यांशी बोलतो, पण त्याचे लक्ष दोरीवर असते. मुली पाण्याच्या घागरी डोक्यावर घेऊन हसतबोलत चालतात, पण लक्ष घागरीत असते. गाई पाच कोस दूर चरायला जातात, पण चित्त वासराजवळ असते. आणि शेवटी आई येते. मूल पाळण्यात घालून ती आतबाहेर घरकामात गुंतलेली असते, पण तिचे चित्त बाळावर असते. भक्ती म्हणजे काय, याचे इतके सोपे आणि इतके खरे उत्तर क्वचित कोणी दिले असेल.

आता हा पाळणा कोणाचा आणि त्या घरात आतबाहेर करणारी बाई कोण, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. नामदेवांनी आईचे ऐकले नाही, ती म्हणाली तसा संसार केला नाही. परंतु देवाकडे मन कसे लावावे हे जगाला सांगण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी आईचे मन पुढे ठेवले. जन्मभर ज्या मायेला ते बंधन म्हणत आले, तीच माया त्यांनी भक्तांना माप म्हणून दिली. गोणाई विठ्ठलाशी भांडली, पण तिच्या भांडण्यात जी ओढ होती ती नामदेवांच्या विठ्ठलभक्तीतल्या ओढीहून वेगळी नव्हती. नामाची भक्ती तिच्या पोटातूनच आलेली होती.

उत्तरेतून नामदेव परत पंढरीस आले. शके १२७२, इ. स. १३५० मध्ये आषाढ वद्य त्रयोदशीस, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांनी विठ्ठलाच्या महाद्वारी देह ठेवला. पंजाबातील भक्त घुमान हेच त्यांचे अखेरचे ठिकाण मानतात. त्यांचा भावही आदराचा आहे. वारकरी परंपरेत नामदेवांबरोबर त्यांच्या घरच्या माणसांनीही समाधी घेतली असे सांगतात. सून लाडाई बाळंतपणासाठी माहेरी गेली होती, ती तेवढी मागे राहिली. एक आई होऊ घातलेली बाई मागे राहिली आणि घराणे पुढे चालले.

देवळात जाणाऱ्या भक्तांच्या पायांची धूळ आपल्या मस्तकी लागावी म्हणून नामदेवांनी महाद्वाराची पायरी होणे पत्करले. ती नामदेव पायरी आजही आहे. वारकरी तिच्यावर पाय न देता तिला हात लावून नमस्कार करतात आणि मग आत जातात. जवळच चोखोबांची समाधी आहे. १३३८ साली मंगळवेढ्यास कुसू कोसळून चोखोबा दबून गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी नामदेवांनी आणून तेथे समाधी दिली होती. ज्याला देवळात येऊ दिले नाही त्याच्या शेजारी नामदेव जाऊन राहिले.

नामदेवांच्या सातशेव्या जन्मवर्षाच्या सुमारास, १९७० साली, महाराष्ट्र शासनाने त्यांची गाथा छापून काढली. त्या गाथेत पुढच्या काळातील दुसऱ्या नामदेवांचे अभंग मिसळले आहेत, असे अभ्यासक सांगतात. गोणाईचे अभंग गोणाईने स्वतः रचले की नामदेवांनी आईच्या तोंडी घातले, यावरही दोन मते आहेत. गोणाईचे असतील तर त्या काळची एक शिंप्याची बायको देवाला जाब विचारणारे काव्य करीत होती, हे केवढे आश्चर्य. नामदेवांचे असतील तर त्याहून मोठी गोष्ट आहे. कारण मग आपल्याविरुद्धचे आईचे सगळे म्हणणे मुलाने स्वतःच्या हाताने, एक अक्षर न गाळता, आपल्याच गाथेत दाखल करून ठेवले. आपली बाजू मोठी करण्यासाठी त्याने आईला लहान केले नाही. तिचे रडणे, तिचा राग, तिचा हिशेब, सर्व जसेच्या तसे ठेवले. आईचे ऋण फिटत नाही असे सर्वच म्हणतात. नामदेवांनी ते ऋण निदान मान्य करून लिहून दिले.

चौऱ्यांशीच्या शिलालेखावर राजाचे दान आहे, पंडिताचे दान आहे. त्यांची अक्षरे लोकांच्या पाठी घासून घासून झिजली. गोणाईच्या दानाची नोंद गाथेत आहे आणि ती गावोगावच्या भजनात रोज नव्याने वाचली जाते.

गावच्या मंदिराचा जीर्णोद्धार झाला आहे. चिरे नवे बसले, कळस चढला, ज्यांनी पैसा दिला, श्रम दिले त्यांची नावे ह्या स्मरणिकेत यथास्थित आली आहेत. पण पायरीवर डोके टेकताना एक आठवण ठेवावी. आईचे बोट धरून पहिल्यांदा देवळात आलेले प्रत्येक मूल हे त्या आईने देवाला दाखविलेले असते. ते पुढे कोठे जाईल, ऐकेल की न ऐकेल, हे तिच्या हाती नसते. नोकरीसाठी मुंबई-पुण्यास गेलेल्या, वर्ष वर्ष न आलेल्या मुलांच्या कितीतरी आया ह्याच पायरीवर बसून देवाशी पुटपुटत असतात. ते पुटपुटणे म्हणजे गोणाईचेच भांडण होय. विठ्ठल ते ऐकून घेतो. त्याला त्याची सातशे वर्षांची सवय आहे. आणि ज्यांच्या आया घरी वाट पाहत आहेत, त्यांनी देवाचे दर्शन झाल्यावर अगोदर घराकडे वळावे. नामदेव महाराजांनाही ते आवडेल.

॥ श्री ज्ञानदेव तुकाराम । पंढरीनाथ महाराज की जय ॥